वृक्षाचे बीज कोठे रुजते?



कापडाच्या व्यापाऱ्याने वनाविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझा विषय कापसापासूनच सुरू होतो. सह्याद्रीत सावर, अर्थात शाल्मली, हा वृक्ष आहे. उन्हाळ्यात त्याची बोंडे फुटतात आणि रेशमी पुंजक्यांसह बीज वाऱ्यावर दूर जाते. हा कापूस दिसावयास तलम, पण तंतू आखूड व गुळगुळीत. पीळ धरीत नाही. उशांना चालतो, आमच्या पेढीस निरुपयोगी! वृक्षाने तो बीजासाठीच निर्मिला आहे.

ऐनाच्या फळासही पाच पंख असतात. एवढी सिद्धता कशासाठी? बीज मातृवृक्षाखालीच पडले तर काय बिघडते? १९७० साली डॅनियल जॅन्झेन व १९७१ साली जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे याचे उत्तर मांडले. मोठ्या वृक्षाखाली त्याच जातीवर जगणारे कीटक व बुरशी दाटलेली असतात. तेथे बीज विपुल पडते आणि बहुतेक रोपे तेथेच नष्ट होतात. दूर पडलेले एकटे बीज तगण्याचा संभव अधिक. सर्व जातींना हा नियम सारखा लागू पडत नाही. तथापि उष्ण प्रदेशातील वनांत एकाच जातीची गर्दी का होत नाही, हे त्यावरून बरेचसे उमगते.

जड बीज वाऱ्याने जात नाही. जांभळाचे बीज सुकले की थोड्याच आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते. माल गोदामात ठेवून भावाची वाट पाहण्याची सोय नाही. म्हणून पावसाच्या तोंडावर फळ पिकते आणि वटवाघळे, उदमांजरे, अस्वले बीज पसरवितात.

वड, पिंपळ, उंबर यांची फळे श्रावकाचारात अभक्ष्य. त्यांच्या आत सूक्ष्म कीटक वाढतात, हे वनस्पतिशास्त्रही सांगते. पक्ष्यांची भिस्त मात्र त्यांवरच. कारण इतर फळे नसतानाही यांपैकी एखादा वृक्ष फळलेला असतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले वडाचे बीज दुसऱ्या वृक्षाच्या बेचक्यात, मंदिराच्या भिंतीच्या फटीतही रुजते.

मोठ्या बीजांची फळे सगळीच्या सगळी गिळणारा पक्षी म्हणजे धनेश. कित्येकदा तो बीज किलोमीटरभर दूर नेतो. विणीच्या काळात मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेते, नर फटीतून फळे भरवितो, आणि टाकलेल्या बीजांची रोपे ढोलीखाली दाटीने उगवतात. कोकणातील काही देवरायांत अशा ढोली आहेत. पोकळ वृक्ष निरुपयोगी समजून तोडला की धनेशाचे घर जाते. मग दूरच्या वृक्षांची मोठी फळेही आपापल्या वृक्षाखालीच कुजतात. ते वृक्ष अनेक दशके उभे राहतात, वन हिरवेगार दिसते. खाली वाकून शोधले, तर त्या जातीचे गुडघ्याएवढे रोप क्वचितच आढळते.