गोंदियावरून गेलेली गाडी

गोंदिया स्टेशनवर गाडीची वाट बघत हे ऐकत असाल, तर समोरच्या रुळांकडे एकदा बघा. नागपूरहून राजनांदगावला जाणारा हाच मार्ग. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा रंगल्या. त्यानं टिळकांना बायबल वाचायला दिलं. टिळकांनी शब्द दिला, वाचेन. आणि खरंच वाचलं.

१८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण किंमत कोणी मोजली? घरी लक्ष्मीबाई होत्या. नवरा जिवंत, तरी संसार मोडलेला. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या परतल्या, तेही सोवळं-ओवळं सांभाळत. मग हळूहळू, स्वतःच्या विचारानं त्यांनीही ती श्रद्धा स्वीकारली. हा सगळा प्रवास ‘स्मृतिचित्रे’त आहे. रडवतो, आणि पोट धरून हसवतोही.

टिळकांनी देव बदलला, पण भाषा नाही सोडली. ख्रिस्ताची भजनं त्यांनी अभंगात लिहिली. तुकोबांच्या वाटेनंच आपण इथवर आलो, असं ते मानत. १९१९ मध्ये ते गेले, ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचं तोंडही माहीत नव्हतं!

मला वाटतं, श्रद्धा खरी की नाही हे घरातच कळतं. आपलं पटलेलं आपल्या माणसाला पटेपर्यंत थांबता येतं का?

आज गाडीत बसलात, की थोडा वेळ इअरफोन काढा. शेजारच्याशी बोलून बघा.