मेंदूच्या अभ्यासासाठी पुणे की बेंगळुरू?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अन्नपूर्णा, इंदूर येथे केलेले भाषण)



‘शिक्षण’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषय अफाट आहे, आणि भाषणानंतर जेवण आहे. तेव्हा आम्ही एका घरची एकच गोष्ट सांगतो.

गेल्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील शीरखुर्मा घ्यायला आले. याच भागात त्यांचे छोटे दुकान आहे. वाटी हातात तशीच राहिली आणि ते म्हणाले, “सर, पोरगी डॉक्टर व्हायचं नाही म्हणते. मेंदूचं शास्त्र शिकायचं म्हणते. अन् तेही बेंगळुरूला! पुण्याला तिची आत्या आहे, तिथं का नको?”

मुलीच्या आजोबांना कंपवात आहे. चहाचा कप ओठांपर्यंत नेताना निम्मा बशीत सांडतो. हात का थरथरतो, असे तिने नववीत असताना आम्हांला विचारले होते. मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात, त्या पेशी झडत गेल्या की हालचालींवरचा ताबा सुटतो, एवढे आम्ही सांगितले. “पण त्या झडतात का?” हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचे पुरते उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि खरे म्हणजे अजून कोणापाशीच नाही. मुलगी तेथून जी निघाली ती या शास्त्रापर्यंत आली.

अशा वेळी सल्ला देण्याचे आम्हांला भय वाटते, आणि त्याला कारण आहे. सातआठ वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा असाच आमच्याकडे आला होता. एका खाजगी संस्थेचे माहितीपत्रक त्याने आणले होते. अभ्यासक्रमाचे नाव भारदस्त, मुखपृष्ठावर रंगीत मेंदू. आम्ही नाव वाचले आणि “जा” म्हणालो. प्रयोगशाळा किती, शिकवणारे कोण, ते स्वतः संशोधन करतात काय, यांतले काहीही आम्ही विचारले नाही. घरच्यांनी कर्ज काढले. मुलाने तीन वर्षे पाठांतर केले. आज तो औषधांच्या कंपनीची बॅग घेऊन दवाखाने फिरतो. काम प्रामाणिक आहे, पण ते त्याने मागितले नव्हते. बाजारात भेटला की अजून वाकून सलाम करतो, आणि तो सलाम आम्हांला टोचतो.

म्हणून या खेपेस आम्ही नीट चौकशी केली. जे कळले ते येथे बसलेल्या पालकांच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, पदवीच्या नावात ‘न्यूरोसायन्स’ हा शब्द असलाच पाहिजे असे नाही. पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांची बी.एस.–एम.एस. पदवी मिळते. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये २०११ पासून चार वर्षांची बी.एस. पदवी आहे, आणि हवे तर पाचवे वर्ष करता येते. दोन्हीकडे आरंभी पदार्थविज्ञान, रसायन, गणित व जीवशास्त्र ही चारही शास्त्रे शिकावी लागतात. मेंदूचा विशेष अभ्यास नंतरचा. वडिलांना ही उगाच लांबण वाटली. आम्ही त्यांना हॉजकिन आणि हक्सली यांची गोष्ट सांगितली. मज्जातंतूतून संदेश कसा धावतो, हे या दोघांनी १९५२ साली गणिती समीकरणांत मांडले. त्यासाठी त्यांनी माकोळाच्या जाड मज्जातंतूवर विजेचे प्रयोग केले होते. गणिताला भिऊन या शास्त्रात शिरणारा दाराशीच अडतो. बेंगळुरूच्या पदवीसाठी तर बारावीला गणित असावेच लागते. आमच्या मुलीने जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवले होते म्हणून निभावले. अकरावीत ‘डॉक्टरकीला गणित कशाला’ म्हणून ते सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शुभा टोळे आणि विदिता वैद्य ही नावे आपल्यापैकी काहींनी ऐकली असतील. दोघींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मेंदूवर मोलाचे काम केले. पहिलीला २०१४ साली आणि दुसरीला २०२२ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले. दोघींची पहिली पदवी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाची, विषय जीवविज्ञान व जीवरसायन. मेंदूचा अभ्यास त्यानंतर आला.

मग पुणे की बेंगळुरू? प्रवेशपरीक्षेचा प्रश्न सोपा निघाला. आयसरच्या परीक्षेत साठ प्रश्न असतात, चारही विषयांचे पंधरा-पंधरा, आणि तिचे गुण बेंगळुरूची संस्थाही विचारात घेते. पुण्यात उंदरांना वास कसा कळतो, पक्षी गाणे कसे शिकतात, चेतापेशींचे वर्तन गणिताने कसे मांडावे, यांवर काम चालते. शेवटचे वर्ष प्रबंधाला मिळते, आणि पाच वर्षांत दोन पदव्या एकदमच हाती येतात. बेंगळुरूच्या संस्थेत २००९ पासून मेंदूशास्त्राचे स्वतंत्र केंद्र आहे, आणि त्याच गावात निम्हान्स आहे. तेथे रुग्णालय आणि संशोधन एका आवारात चालते. आजोबांच्या आजारापासून ज्या मुलीने आरंभ केला, तिला ही गोष्ट मोठी वाटावी यात नवल नाही.

आमचा कल पुण्याकडे होता, हे कबूल करतो. त्यात शास्त्र थोडे आणि आत्याच्या घरची पोळी जास्त होती! पण आम्ही गप्प बसलो आणि दोन्हीकडे शिकणारी एकेक मुले शोधून मुलीला त्यांच्याशी बोलायला लावले. तिने दोघांना एकच विचारले: तिसऱ्या वर्षी मला मेंदू नकोसा झाला आणि गणित हवेसे वाटले, तर काय? दोघांकडून जवळपास सारखेच उत्तर आले की, आरंभीच्या वर्षांत सारे विषय झालेले असतात, म्हणून वळता येते. हा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता. ज्या मुलाला आम्ही फसवे नाव पाहून पाठवले, त्याच्या मागे असे एकही दार उघडे नव्हते.

निकाल लागला. बेंगळुरूचे दार थोडक्यात हुकले आणि पुण्याचे उघडले. मुलगी दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी तिने पेटी भरली. पहिल्या दिवाळीला घरी आली तेव्हा आजोबांच्या हाताकडे ती निराळ्याच नजरेने पाहत होती. उन्हाळ्यात बेंगळुरूच्या एखाद्या प्रयोगशाळेत काम मिळते का, याची खटपट तिने आतापासून चालवली आहे.

आता विश्वस्तांना एक विनंती. केंद्र सरकारने २००८ साली सुरू केलेल्या इन्स्पायर योजनेत मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या निवडक मुलांसाठी वर्षाला ८०,००० रुपयांची तरतूद ठेवली. पण सरकारी पैसा हाती येईपर्यंत वसतिगृहाचा हप्ता थांबत नाही. या मुलीच्या वडिलांनी आपल्या संस्थेकडे अर्ज केला होता. आपल्या मदतीच्या नियमात ‘वैद्यकीय व अभियांत्रिकी’ एवढेच शब्द असल्याने तो परत आला, आणि पहिला हप्ता त्यांनी दुकानातला माल कमी भरून भागवला. त्या दोन शब्दांपुढे ‘मूलभूत विज्ञान’ हे आणखी दोन शब्द येत्या सभेत घालावेत. अर्ज आम्ही नव्याने लिहवून घेतला आहे. तो आमच्या खिशात आहे, जेवणानंतर चिटणीसांच्या हाती देऊ.