डोंगरी कापड आणि आजची वेशभूषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकारिणीने विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला दिले, तेव्हा मी कपड्यांविषयी बोलेन असे कळविले. त्यावर एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, सरकारी अधिकारी कपड्यांवर काय बोलणार? बोनसवर बोला, बदल्यांवर बोला." त्यांची शंका अगदीच अनाठायी नाही. माझी पदवी कलाशाखेची, वस्त्रशास्त्राची नव्हे. परंतु केंद्र सरकारच्या सेवेतील काही वर्षे चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या खरेदीचे काम माझ्याकडे होते. निविदा मागवायच्या, मोहोरबंद नमुन्याशी आलेला माल ताडून पाहायचा, इंचात उभे धागे किती आणि आडवे किती हे भिंगाखाली मोजून घ्यायचे, असा तो उद्योग. तेव्हापासून कापड दिसले की ते बोटांत धरून उजेडाकडे पाहण्याची जी खोड जडली, ती काही गेलेली नाही. त्या खोडीपायीच आजचा हा विषय सुचला.

आजच्या तरुण मंडळींच्या पेहरावाकडे जरा निरखून पाहा. त्यात जे जे म्हणून अद्ययावत समजले जाते, त्यातील बराचसा भाग कधीकाळी खाणकामगाराच्या, खलाशाच्या, गुराख्याच्या किंवा नांगर धरणाऱ्याच्या अंगावर होता. पूर्वी धन्याचे जुने झालेले कपडे चाकराकडे जात. येथे प्रवास उलट दिशेने झाला आहे. चाकराचा कपडा धन्याच्या अंगावर चढला आहे, आणि चढताना त्याची किंमतही चढली आहे.

या प्रवासाचा एक धागा थेट आपल्या मुंबईत निघतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. मघाशी बालमेळाव्यात दोन-तीन चिमुरडी छातीवर पट्टा आणि खांद्यावर बंद असलेल्या विजारी घालून बागडत होती. त्या विजारीला तुम्ही आम्ही सगळेच 'डंगरी' म्हणतो आणि तो शब्द इंग्रजी समजतो. तो इंग्रजीतून आपल्याकडे आला हे खरे, पण इंग्रजीत तो गेला कोठून? मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशात 'डोंगरी कापड' अशी नोंद आहे. मुंबईच्या डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकले जाणारे साधे देशी कापड हा तिचा मूळ अर्थ, आणि पुढे कोणत्याही हलक्या, स्वस्त सुती कापडाला ते नाव पडले, असे तो कोश सांगतो. हे जाडेभरडे कापड गलबतांवरून परमुलखात गेले. त्याची शिडे झाली, खलाशांच्या विजारी झाल्या, आणि डोंगरीचे 'डंगरी' होऊन ते इंग्रजी कोशात जाऊन बसले. आपली माणसे नोकरीसाठी घराबाहेर पडली की आडनावांचे उच्चार बदलतात, तसेच काहीसे या कापडाचे झाले म्हणा ना!

डंगरीचे चुलत भावंड म्हणजे डेनिम. फ्रान्समधील नीम शहराच्या नावावरून 'डेनिम' आणि इटलीतील जिनोआ बंदरावरून 'जीन' अशी व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे मानली जाते. त्या कापडाच्या विजारीला आजचे रूप आले ते अमेरिकेत. नेवाडा प्रांतातील रीनो या गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराची पत्नी त्याच्याकडे आली आणि नवऱ्याच्या विजारी टिकत नाहीत, काहीतरी भक्कम शिवून दे, म्हणाली. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर, जेथे ताण पडून शिवण उसवते तेथे, तांब्याच्या खिळ्या ठोकल्या. युक्ती लोकप्रिय झाली, पण पेटंट घेण्यास पैसा नव्हता. त्याने सॅन फ्रान्सिस्कोचे कापडव्यापारी लेव्ही स्ट्राउस यांना भागीदारीत घेतले आणि २० मे १८७३ रोजी दोघांना पेटंट मिळाले. एका श्रमिकाच्या गृहिणीची तक्रार या साऱ्याच्या मुळाशी आहे. दुर्दैवाने तिच्या नावे पेटंट नाही.

पुढचा इतिहास आपण जाणता. विसाव्या शतकाच्या मध्यावर हॉलिवूडच्या पडद्यावर मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन यांनी ही विजार घातली आणि ती बंडखोर तारुण्याची खूण ठरली. आपल्याकडे अहमदाबादच्या अरविंद मिल्सने १९८० च्या दशकात डेनिम विणण्यास आरंभ केला. त्याच कंपनीने १९९५ मध्ये 'रफ अँड टफ' नावाचा संच बाजारात आणला, तो माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. कापड, चेन, बटण, खिळ्या सगळे एका पुडक्यात. शिंप्याकडे द्यायचे आणि जीन शिवून घ्यायची. माझ्या पिढीतील कित्येकांची पहिली जीन अशी कोपऱ्यावरच्या शिंप्याने शिवलेली होती, आणि ती न फाटण्याबद्दल आम्हांला अभिमान होता!

आता या कापडातील खरी गंमत सांगतो. डेनिममध्ये उभे सूत निळीत रंगविलेले आणि आडवे सूत पांढरे असते. उभे सूत निळीच्या कुंडात बुडवून बाहेर काढतात. कुंडातील द्राव पिवळसर-हिरवा असतो. हवा लागताच तो निळा होतो. असे पुनःपुन्हा करावे लागते. पण नीळ धाग्याच्या गाभ्यात शिरत नाही, पृष्ठभागावरच बसते. म्हणून घर्षणाने ती झिजते आणि आतला पांढरा धागा डोकावू लागतो. कामगार गुडघे टेकून बसतो तेथे विजार फिकी होते, हत्यारे ठेवतो त्या खिशावर हत्याराचा आकार उमटतो, मांडीला घडी पडते तेथे पांढरे पट्टे येतात. प्रत्येक जुनी जीन म्हणजे तिच्या मालकाच्या कष्टाची हजेरीपुस्तिका होय. खाडाखोड न करता येण्यासारखी.

पण खाडाखोड करता येते, हे कारखानदारांनी सिद्ध केले. ग्राहकाला कष्टाची खूण हवी, कष्ट नकोत. मग कोरी विजार झिजविण्याचा धंदा उभा राहिला. सच्छिद्र दगडांबरोबर ती यंत्रात घुसळतात, रसायनांनी धुतात, अलीकडे लेसर किरणांनी जाळतात. त्यातील एक पद्धत होती दाबाखालील वाळूचा फवारा मारण्याची. तुर्कस्तानातील कोंदट कार्यशाळांत तरुण कामगार दिवसभर हा फवारा मारीत. वाळूतील सिलिकाची धूळ फुप्फुसांत साचून त्यांना सिलिकोसिस झाला. दगडाच्या खाणीत राबणाऱ्याला होणारा हा असाध्य रोग. कित्येक दगावले, तेव्हा २००९ मध्ये तुर्कस्तानने डेनिमवरील या प्रक्रियेवर बंदी घातली. खाणकामगारासाठी शिवलेली विजार खाणकामगारासारखी दिसावी म्हणून खाणकामगाराचा रोग दुसऱ्या गरिबाने सोसायचा, याला काय म्हणावे ते मला सुचत नाही. दुकानातील विक्रेत्याने 'हा वॉश फार चालतो' असे म्हटले की मला ते आठवते.

निळीचाच इतिहास पाहायचा तर १८५९ चा बंगालमधील निळीच्या रयतेचा उठाव आणि १९१७ चे चंपारण आपल्यासमोर आहे. १८९७ मध्ये जर्मनीच्या बी.ए.एस.एफ. कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि झाडाची नीळ मागे पडली. त्या विषयावर स्वतंत्र व्याख्यान होईल, म्हणून येथेच थांबतो.

श्रमिकांचे कपडे हौसेने घालण्याची ही तऱ्हा नवी आहे असेही नाही. इंग्लंडमधील मेंढपाळ आणि गाडीवान चुण्या घालून भरतकाम केलेला घोळदार अंगरखा वापरीत. यंत्रे आली, घोळदार कपडा चक्रात अडकू लागला आणि तो खेड्यांतून नाहीसा होऊ लागला. नेमक्या त्याच सुमारास, १८८० च्या दशकात, लंडनच्या लिबर्टीच्या दुकानात तशाच चुण्यांचे झगे उच्चभ्रू स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी मांडले गेले. फ्रान्समधील कामगारांचा निळा कोटही असाच. न्यूयॉर्क टाइम्सचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम, जे २०१६ मध्ये निवर्तले, ते तो कोट घालून सायकलवरून न्यूयॉर्कभर फिरत आणि इतरांच्या पोशाखांची छायाचित्रे घेत. त्यांना तो स्वस्त, टिकाऊ आणि खिसे भरपूर म्हणून आवडे, आणि मला हे कारण पूर्ण पटते. आज त्याच धर्तीचे कोट नामांकित दुकानांत ज्या किमतीला मिळतात, ती ऐकून मूळ कामगाराला घेरी आली असती.

जपानचे उदाहरण आपल्या घराच्या अधिक जवळचे आहे. उत्तरेकडील आओमोरी भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तेथील शेतकरी तागासारख्या धाग्याचे कापड नेसत आणि दक्षिणेकडून गलबतांनी आलेल्या सुती चिंध्या विकत घेऊन, थरावर थर रचून धावदोरा घालीत. अशा पिढ्यान्‌पिढ्या ठिगळ लावलेल्या वस्त्रांना 'बोरो' म्हणतात. तानाका चुझाबुरो नावाच्या एका गृहस्थांनी ती गावोगाव हिंडून जमविली, तेव्हा पुष्कळ घरांना ती दाखविण्याची लाज वाटे. दारिद्र्याची साक्षच ती! पुढे टोकियोत २००९ ते २०१९ या काळात तिचे संग्रहालय होते, आणि आज पाश्चात्त्य वस्त्ररचनाकार बोरोचे अनुकरण करतात. भगिनीवर्गाच्या ध्यानात आलेच असेल की ही आपली गोधडी. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, मधे जुने फडके आणि वरून धावदोरा. परगावी बदली झाली की ट्रंकेत तळाशी गोधडी असे, आणि पाहुणे आले की तीच आधी आत लपविली जाई. दोन्ही गोष्टी एकाच घरात होत.

येथे आपल्या एका शब्दाकडे लक्ष वेधतो: 'पांढरपेशा'. इंग्रजीत पांढऱ्या कॉलरचा आणि निळ्या कॉलरचा असा भेद करतात, आपण तो वस्त्राच्या रंगावरूनच केला. या सभागृहातील आपण बहुतेक पांढरपेशे. आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांनी एकच सदरा रात्री धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करून सकाळी कचेरीत नेला आहे. मातीचा डाग अंगावरून जाण्यासाठी त्यांनी एक आयुष्य खर्ची घातले. नातू डागाळलेली, फाटलेली विजार पैसे मोजून आणतो, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला जी आठी पडते, तिला केवळ जुनाटपणा म्हणून मी हसणार नाही.

पण वेषांतर करून काही सांगता येते, हेही खरे. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभास महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि येथील दागदागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून या देशाची पारख करू नका, असे त्यांनी पाहुण्यांना ऐकविल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. रशियात टॉलस्टॉय शेतकऱ्याचा सैल अंगरखा वापरू लागले आणि तसल्या अंगरख्याला त्यांचेच नाव पडले. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेत गांधीजींनी पंचा स्वीकारला तो कायमचा.

याच्या अगदी उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे त्यांनी स्त्रियांना सांगितले की, ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते टाकून द्या आणि स्वच्छ, नीटनेटके राहा. स्वतः ते उत्तम शिवलेला सूट घालीत. गांधीजींचा पंचा थोर की बाबासाहेबांचा सूट, असा वाद घालण्यात मला रस नाही. मला दिसते ते एवढेच: ज्याच्यावर फाटका वेष शतकानुशतके लादला गेला होता, त्याला तो हौसेने घालण्याची चैन परवडणारी नव्हती. अंगावरून उतरवता येतो त्यालाच तो मिरवता येतो.

अगदी ताजा प्रसंग पायातल्या वहाणेचा आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या प्रदर्शनात ज्या चामडी वहाणा दाखविल्या, त्या पाहून कोल्हापुरात एकच गलका उठला. नाव मात्र कोठेच नव्हते. वास्तविक कोल्हापुरी चपलेस महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. महाराष्ट्रातून लेखी हरकत गेल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन येथील कारागिरांकडून दोन हजार जोड करवून घेण्याचे जाहीर झाले. किंमत जोडास सुमारे ८०० युरो. फाईलवर आयुष्य काढलेल्या माणसाला यात समाधान वाटते, कारण एका लेखी हरकतीने काम झाले! तरी त्या आठशेतील किती कातडे कमावणाऱ्याच्या आणि वेणी घालणाऱ्याच्या हाती पडतात, हे करारात वाचल्यावाचून मी टाळी वाजविणार नाही. खरेदी विभागातील माणसाची ही जुनी सवय समजा.

आता चिटणिसांच्या अनुमतीने एक सूचना. महोत्सवाच्या समारोपास मंडळाच्या वरच्या दालनात छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार आहे. त्याच्या शेजारी एक दोरी बांधावी आणि प्रत्येक घरातून एक तरी कामाचे जुने वस्त्र तेथे टांगावे. गिरणीतला सदरा, शेतावरचे घोंगडे, आजीची गोधडी, रेल्वेतल्या आजोबांचा निळा डगला, जे असेल ते. धुऊन आणावे, पण ठिगळे काढू नयेत. सोबत कागदावर ते कोणाचे, कोणत्या गावचे आणि कोणत्या कामाचे एवढेच लिहावे. नावनोंदणीची वही दाराशी ठेवली आहे, आणि पहिली नोंद मी सकाळीच केली आहे: गोधडी, नग एक.