रुतलेली ट्रॉली आणि बंद पडलेला ट्रक ओढताना

(ट्रॅक्टर चालक-मालक मेळाव्यातील भाषण)



ऊसतोड सुरू झाली की फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढणे हे रोजचे काम होते. उशिराचा पाऊस झाला असेल किंवा शेजारच्या सरीला पाणी सुटले असेल, तर काळ्या जमिनीत चाक आसापर्यंत बसते. मग दुसरा ट्रॅक्टर येतो, साखळी लागते आणि बघ्यांचा गराडा पडतो. ही साखळी कोठे अडकवली आहे, यावर चालकाचा जीव अवलंबून असतो.

मागची चाके अडली आणि ओढ वाढली की इंजिनची ताकद चाक फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे तोंड वर उचलू लागते. साखळी ड्रॉबारला, म्हणजे आसाच्या खाली असेल, तर तोंड उचलताना ड्रॉबार खाली जातो, उलटवणारा जोर कमी होतो आणि पुष्कळदा ट्रॅक्टर सावरतो. तीच साखळी टॉपलिंकच्या जागी किंवा आसाला बांधली तर ट्रॅक्टर मागे उलटतो. याला सेकंद-दीड सेकंद लागतो. तेवढ्यात क्लच दाबणे सरावलेल्या चालकालाही साधत नाही.

दुसरी घातक रीत म्हणजे रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना आडवा ओंडका बांधणे. ओंडका मातीत अडकला की चाक थांबते आणि ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो. हे कृपा करून करू नका. चाकापुढची माती खोऱ्याने काढा, पाचट किंवा मुरूम टाका, मागे घेऊन पाहा. ट्रॉली सोडून ट्रॅक्टर एकटा बाहेर काढा आणि कडक जागेवर उभे राहून लांब साखळीने ट्रॉली ओढा. तरीही हलत नसेल तर अर्धा ऊस उतरवा. मजुरी जाते, मुकादम कुरकुरतो, खेप चुकते, हे मान्य आहे, तरी उतरवा.

ओढताना सर्वांत हलका गिअर घ्यावा, आधी साखळीचा ढिलेपणा काढावा, मग ताण द्यावा. झटका देऊ नये. तुटलेला वायररोप चाबकासारखा फिरतो. नायलॉनचा दोर ताणलेल्या रबरासारखा हुकासह उडतो. दोराच्या लांबीच्या निदान दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये. पोरांना तर बांधाच्या पलीकडे पाठवा. गाठ मारलेली किंवा बोल्टने जोडलेली साखळी वापरू नका.

आता रस्त्यावरच्या ट्रकबद्दल. इंजिन बंद असले की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची हवा पुन्हा भरत नाही. काही गाड्यांत हवा संपली की ब्रेक लागत नाहीत, तर स्प्रिंग ब्रेक असलेल्या गाड्यांत चाके जाम होतात. ती सोडवणे मेकॅनिकचे काम आहे, आणि त्याने सोडवण्यापूर्वी चाकांना दगड लावलेले हवेत. ब्रेक नसलेला ट्रक दोराने टोचन करू नये. उतारावर तो पुढच्या गाडीवर चढतो. त्याला लोखंडी दांडाच हवा. लांब न्यायचा असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडून घ्या, नाहीतर तेल न मिळाल्याने गिअरबॉक्स जळतो.

शेतात साखळी लांब चालते, रस्त्यावर मात्र दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. मध्ये लाल फडके बांधा आणि वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत ठेवा. अंधार पडला असेल तर ट्रक कडेला घेऊन मागे दिवा लावा आणि ओढायचे काम सकाळी करा.