लाईन आली, की पहिले दहा सेकंद

मोवाड, जलालखेडा, सावरगावकडून आलेल्या बंधू-भगिनींनो,

विषय मोटरींचा आहे, पण सुरुवात संत्र्यापासून करतो. एप्रिल-मे महिन्यात अंबिया बहाराचं फळ झाडावर लहान असतं. पारा ४५ अंशांकडे सरकला आणि ओलित चुकलं, की फळगळ सुरू होते. नेमकी त्याच दिवसांत डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते. नवी येईपर्यंत बागेचं जे व्हायचं ते होऊन जातं. ती त्याच दिवसांत का जळते, हे नीट समजून घेतलं तर तो जाळ बराचसा टाळता येतो, असं माझं ठाम मत आहे.

एक हिशेब करू. पाच एचपीची थ्री-फेज मोटर चालू असताना साधारण साडेसात अँपिअर घेते. पण थांबलेली मोटर थेट लाईनवर टाकली, तर सुरुवातीचे काही क्षण ती त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअर ओढते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह सहापट, तर उष्णता छत्तीसपट. आता ६३ केव्हीएची डीपी घ्या. तिची पूर्ण क्षमता साधारण ८४ अँपिअर. तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटरी असल्या तर चालताना ७५ अँपिअर लागतात. डीपी ते आरामात पेलते. पण लाईन गेली, परत आली आणि दहाही मोटरी एकाच क्षणी उठल्या, तर मागणी होते ४५० अँपिअर!

त्या एका क्षणाला दहा मोटरी एकत्र कशा उठतात? ऑटोमुळे. स्टार्टरला लावलेली ती छोटी पेटी लाईन आल्याबरोबर माणसाविना बटण दाबते. महावितरण वर्षानुवर्षं आवाहन करतंय, की ऑटो काढा आणि कपॅसिटर लावा. आवाहन रास्त आहे. पण शेतकऱ्याने ऑटो का लावला, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. शेतीची लाईन आठवड्यातून काही दिवस रात्रीची. रात्री एक वाजता बांधावरून विहिरीपर्यंत जायचं, तर साप आहे, रानडुक्कर आहे, बिबट्याही आहे. बटण दाबायला जीव धोक्यात घाला, असं मी कुणालाही सांगणार नाही. ऑटो हे अडाणीपणाचं लक्षण मानणाऱ्यांनी एकदा मध्यरात्री बागेत जाऊन यावं.

आता डीपीवर काय होतं ते बघा. एवढा प्रवाह ओढला गेला, की व्होल्टेज कोसळतं. मोटरीची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं, तर ताकद निम्मीच उरते. उलट पंपाचा भार वेग वाढेल तसा वाढत जातो. म्हणून मोटर उठते, पण अर्ध्या वाटेवर अडकते. तुम्ही हा आवाज ऐकलेला आहे: मोटर नुसती घुमत राहते, पाणी वर येत नाही. पूर्ण वेग गाठला नाही, म्हणून प्रवाह खाली येत नाही. प्रवाह खाली येत नाही, म्हणून व्होल्टेज चढत नाही. दहाही मोटरी एकमेकींना अडवून धरतात. अशा वेळी ओव्हरलोड रिलेने मोटर पाडायला हवी. पण वारंवार पडते म्हणून कुणीतरी त्याची चकती पुढे सरकवलेली असते आणि फ्यूजमध्ये जाड तार घातलेली असते. मग वायंडिंग जळतं, नाही तर डीपी.

आपल्या भागात दुसरीही एक अडचण आहे, आणि ती जमिनीतली आहे. आपल्याकडे बहुतेक काळा पाषाण. त्यात पाणी भेगांमधून हळूहळू झिरपतं. शेजारच्या वरूड तालुक्याची तर भूजलाच्या सरकारी अहवालांत अतिशोषित म्हणून नोंद झाली. बोअर खोल गेले, झरे मात्र मंदच राहिले. मोटर थोडा वेळ चालते, पाणी तुटतं, बंद करावी लागते. पाणी साचलं की पुन्हा चालू. उन्हाळ्यात रात्रभर हाच खेळ.

प्रत्येक चालू-बंदची किंमत मोटर भरते. थांबलेला रोटर पूर्ण वेगावर नेताना, फिरणाऱ्या भागांत जेवढी गतिज ऊर्जा साठते, निदान तेवढीच उष्णता रोटरमध्ये तयार होते. स्टार-डेल्टा स्टार्टरने लाईनवरचा झटका एक तृतीयांशावर येतो, हे खरं. पण रोटरमधली ही उष्णता त्याने कमी होत नाही. ती निघून जायला वेळच द्यावा लागतो. मोठ्या मोटरींसाठी सर्रास पाळला जाणारा नियम असा: थंड मोटर लागोपाठ दोनदा, गरम मोटर एकदाच, मग विश्रांती. सबमर्सिबलच्या तळाशी जो थ्रस्ट बेअरिंग असतो, तो पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो. वेग नसताना हा थर नसतो, म्हणून प्रत्येक सुरुवातीला आणि प्रत्येक थांब्याला तो घासतो. शिवाय नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असला तर पाइपातलं पाणी परत खाली जाताना पंपाला उलटा फिरवतं. त्याच वेळी कुणी बटण दाबलं, तर शाफ्ट पिळला जातो, तुटतोसुद्धा.

आणि मोटर अशी अचानक थांबते तेव्हा पाइपाचं काय होतं? मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यात पाइप का फुटतात, याचा शोध निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये प्रयोगांनी घेतला. वाहतं पाणी एकदम अडलं, की दाबाची लाट उठते. आपल्या पीव्हीसी पाइपात ती साधारण सेकंदाला ४०० मीटर वेगाने धावते. पाणी सेकंदाला दीड मीटरने वाहत असेल, तर एकदम थांबल्यावर दाब सहा किलोने चढतो, आणि तोही आधीच्या दाबावर. तुमचा पाइप मुळात सहा किलोचाच असेल, तर सांधा का निसटतो हे वेगळं सांगायला नको.

खरा उपाय दिवसाची खात्रीची वीज. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा २०२३ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा त्याचसाठी आहे, आणि तो प्रत्येक फीडरपर्यंत पोहोचावा म्हणून आपण मागे लागलंच पाहिजे. आणि ज्याच्याकडे स्वतंत्र सौर पंप आहे, त्याचा कंट्रोलर मोटरीचा वेग हळूहळू चढवतो. तिथे हा झटकाच नाही.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. ऑटोसोबत टाइमर लावा, आणि एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून वेळा वाटून घ्या. पहिल्याची मोटर लाईन आल्यावर दहा सेकंदांनी, दुसऱ्याची पंचवीस, तिसऱ्याची चाळीस. दहावी मोटर अडीच मिनिटांत उठते. तेव्हा नऊ चालत्या मोटरींचे साडेसदुसष्ट आणि उठणाऱ्या एकीचे ४५, म्हणजे साडेएकशेबारा अँपिअर, तेही काही क्षणच. डीपी एवढं सहन करते. मात्र दहापैकी तिघांनी नाही ऐकलं, तर हिशेब बिघडतो. म्हणून हे एकेकट्याने करायचं काम नाही. आणि ज्याच्या विहिरीचं पाणी तुटतं, त्याने ड्राय-रन कट-ऑफ बसवावा आणि पुन्हा चालू होण्याआधी निदान दहा मिनिटं जाऊ द्यावीत.

इथे फळा आहे, खडू आहे. तुमच्या डीपीवर किती कनेक्शनं आहेत आणि कुणाची मोटर किती एचपीची, ते सांगा. आपण आत्ताच क्रम लावू.