तयारीची वर्षं



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मराठी भाषेच्या भवितव्याची चिंता करण्याची रीत आहे. मला आज मराठी बोलणाऱ्या मुलामुलींच्या भवितव्याविषयी बोलायचं आहे. वीस ते पस्तीस या वयातल्या, शिकलेल्या, कामाला तयार असलेल्या, तरीही 'सध्या काय करतोस?' या प्रश्नाला 'स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय' एवढंच उत्तर देऊ शकणाऱ्या मुलांविषयी. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात, भावकीत किंवा शेजारी असं एक तरी मूल आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या गल्ल्यांत संध्याकाळी फिरून या. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत मजल्यामागून मजले अभ्यासिका आहेत. प्लायवूडच्या पार्टिशनने केलेले खण, प्रत्येक खणात एक खुर्ची, एक प्लग, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, बाजूला पाण्याची बाटली आणि मागच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. राहायला 'कॉट बेसिस'वर खोली, म्हणजे भाडं खोलीचं नाही, कॉटचं. महिनाअखेरीला पैसे संपत आले की एक डबा दोघांत. इथे लातूर, बीड, नांदेड, जळगाव, सोलापूर, गडचिरोली अशा सगळीकडची मुलं येतात. शहराच्या इतक्या मध्यभागी, इतक्या शांतपणे आणि इतक्या कष्टाने जगणाऱ्या या वस्तीची मराठी साहित्याने अजून पुरेशी दखल घेतलेली नाही.

आकडे सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. 2023 मध्ये तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागा निघाल्या, तेव्हा दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गासाठी अर्जाचं शुल्क 1000 रुपये होतं. 2024 च्या पोलिस भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. मैदानी चाचणी ऐन जूनमध्ये लागली. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे सोळाशे मीटरचा सराव करून आलेली पोरं शहरात आली आणि पावसात उड्डाणपुलाखाली, दुकानांच्या ओट्यांवर झोपली. सकाळी त्याच ओल्या कपड्यांत त्यांनी धाव घेतली. राज्यसेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा 38 आहे, मागास प्रवर्गाची 43. विशी-बाविशीत सुरू झालेली वाट तिथवर लांबू शकते. एका माणसाची ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यात जातात.

ही मुलं एवढी का अडून बसली आहेत, असं विचारणाऱ्यांना मी जमिनीकडे बघायला सांगतो. 1970-71 मध्ये महाराष्ट्रात शेतजमिनीचं सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर होतं. 2015-16 च्या कृषिगणनेत ते 1.34 हेक्टरवर आलं. दोन भावांत वाटणी झाली की त्यातलं किती उरतं, हे इथे बसलेल्या शेतकऱ्यांना मी सांगायची गरज नाही. मुंबईच्या गिरण्या होत्या तेव्हा कोकणातून, घाटावरून गेलेला पोरगा गावकीच्या खोलीत उतरायचा आणि आठवडाभरात बदली कामगार म्हणून उभा राहायचा. जिणं हलाखीचं होतं, पण त्याला खातं होतं, युनियन होती, भजनी मंडळ होतं, आपण कोण हे सांगता येत होतं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो रस्ता बुजत गेला. त्यानंतर खासगी क्षेत्रात जे काम आलं त्यातलं पुष्कळसं कंत्राटी. अकरा महिन्यांनी नवा करार, गळ्यात नव्या ठेकेदाराचं ओळखपत्र. अशा वेळी कायमचा पगार, गावात मान आणि ठरलेलं लग्न या तिन्ही गोष्टी एकाच दाराआड दिसत असतील, तर मुलं त्या दारात गर्दी करणारच. त्यांना सरकारी नोकरीचं वेड लागलंय असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या मनाला खरी टोचणी आहे ती वेगळीच. या वर्षांत मुलांची स्वतःविषयीची समजूत काय होते? आपण अजून कोणीच नाही, पोस्ट निघाली की कोणीतरी होऊ. तोवरचं जगणं हिशेबात धरायचं नाही. वर्गात माझ्यासमोर बसलेला, बीड जिल्ह्यातला एक विद्यार्थी पुण्याहून गावी जाताना मुद्दाम शेवटची एसटी धरायचा. पारावर माणसं बसलेली असताना त्याला गावात शिरायचं नव्हतं. चुलतभावाच्या लग्नाला तो गेला नाही, कारण मांडवात चौकशा होतील. मुख्य परीक्षेपर्यंत तो पोचला, मुलाखतीपर्यंतही पोचला, यादीत नाव आलं नाही. शेवटी परत आला.

आता त्याच्या घरी काय चालतं ते सांगतो. सकाळी सातपासून माणसं येतात. कुणाचा पीकविम्याचा अर्ज नामंजूर झालेला असतो, कुणाला फेरफाराला हरकत घ्यायची असते, कुणाला माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून हवा असतो. तो सातबारा समोर धरतो आणि कुठल्या रकान्यात चूक आहे ते बोट ठेवून दाखवतो. 73 वी घटनादुरुस्ती त्याला तोंडपाठ आहे, आणि त्या दुरुस्तीने ग्रामसभेला काय दिलं हे तो म्हाताऱ्या बाईला तिच्या भाषेत समजावतो. वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च झाला हे त्याने ग्रामसभेत उभं राहून विचारलं, तेव्हा उत्तर द्यावं लागलं. पुण्यातल्या त्या प्लायवूडच्या खणात त्याने जे कमावलं, ते आज गावाच्या उपयोगी पडतं आहे. आणि हाच मुलगा मला म्हणतो, "सर, माझं काहीच झालं नाही." त्याचे वडीलही तेच म्हणतात, गावही तेच म्हणतं. दारात रांग लावून काम करून घेणारा माणूससुद्धा मागे म्हणतो, बिचाऱ्याचं थोडक्यात हुकलं.

महाराष्ट्रात अठ्ठावीस हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. कायदा वाचता येणाऱ्या, अर्थसंकल्प कळणाऱ्या माणसांची तिथे किती वानवा आहे, हे आपण जाणतो. दुसरीकडे अशी माणसं लाखांनी तयार होऊन नापास म्हणून घरी परततात. त्यांच्या ज्ञानाला गावात एक रीतसर जागा, मानधन आणि नाव मिळावं यासाठी शासनाने काही केलं पाहिजे, ही मागणी मी या व्यासपीठावरून करतो. परीक्षेचं वेळापत्रक पाळलं जावं, ही तर किमान मागणी झाली. मार्च 2021 मध्ये राज्यसेवेची परीक्षा तीन दिवसांवर असताना ती पुढे ढकलल्याची घोषणा झाली आणि मुलं शास्त्री रस्त्यावर बसली. ऑगस्ट 2024 मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या म्हणून त्यांना पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. एक तारीख पुढे सरकली की घरचं कर्ज आणि कुणाचं तरी लग्नही पुढे सरकतं.

मुलींचं दुःख यात आणखी खोल आहे. त्यांना बहुधा मुदत घालून पाठवलेलं असतं. दोन वर्षं देतो, झालं तर झालं, नाहीतर आलेल्या स्थळाला हो म्हणायचं. त्यामुळे मुलगी अभ्यासिकेत बसते तेव्हा तिच्यासमोर परीक्षेची तारीख असते आणि घरची तारीखही. इकडे गावात शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देत नाही. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात अविवाहित तरुण मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले, त्याची वर्तमानपत्रांनी गंमत केली. मला त्यात गमतीचं काही दिसलं नाही. कष्ट करणाऱ्या तरुणाला आपल्या कष्टाची लाज वाटावी, अशी व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून उभी केली आहे.

आणि जातीविषयी बोलल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. प्रत्येक उमेदवाराजवळ प्लास्टिकची एक फाइल असते. जातीचा दाखला, जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, पावत्या. शतकानुशतकांच्या अन्यायावरचा उपाय म्हणून आरक्षण आलं, ते आवश्यक होतं आणि आहे. पण जागा इतक्या थोड्या आणि हात इतके जास्त झाले की एका डब्यात जेवणारी मुलं निकालाच्या रात्री एकमेकांचा कट-ऑफ मोजू लागतात. ज्याला आपण कोण हे सांगायला दुसरं काही उरलेलं नाही, तो जातीचा झेंडा घट्ट धरतो, आणि त्याच्या हातात तो झेंडा देणारे तयारच असतात. मला या काळजीने झोप लागत नाही, हे मी इथे मोकळेपणाने सांगतो.

लेखक म्हणून आपलं काम कुठे आहे? 1963 साली 'कोसला'ने सांगवीहून पुण्याला आलेल्या पांडुरंग सांगवीकरला मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणून बसवलं, आणि गावाकडून शिकायला गेलेल्या असंख्य मुलांना स्वतःचं तोंड पहिल्यांदा पुस्तकात दिसलं. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधल्या एकनाथने शिकूनही नोकरी न लागलेल्या शेतकऱ्याच्या पोराला आवाज दिला. नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवत होते, नारायण सुर्वे गिरणीत राबले. त्यांना कोणी ओळख बहाल केली नव्हती, त्यांनी ती लिहून उभी केली. 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली ती तरुण लेखक-कवींच्या पुढाकाराने. आजच्या अभ्यासिकेतल्या मुलाकडे सांगण्यासारखं कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही. पण आपण त्याच्याकडून यशाची कहाणी तेवढी मागतो. गावात कमानी लागतात, गुलाल उधळतो, निवड झालेल्याची व्याख्यानं होतात. ज्याचं नाव यादीत आलं नाही, त्याला त्याची दहा वर्षं कशी गेली असं विचारायला कोणी जात नाही. त्याचा तो काळ वाया गेला असं मानणं म्हणजे त्या काळातल्या मैत्र्या, उपाशी राहिलेल्या रात्री, वाचलेली पानं, आईशी फोनवर बोललेलं खोटं, हे सगळं पुसून टाकणं आहे. कादंबरीला आणखी काय हवं असतं?

आपल्या राज्यात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, आणि त्यातून गावोगावी वाचनालयं उभी राहिली. आज त्यातल्या अनेकांचे वाचनकक्ष स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेले असतात. मुलं दिवसाचे दहा-दहा तास तिथे बसतात आणि चार हातांवर कथा-कवितांची कपाटं कुलूपबंद असतात. ग्रंथपालांना माझी विनंती आहे, ती कपाटं उघडी ठेवा. पालकांना विनंती आहे, पोराला परत यायचं असेल तर त्याला दिवसाउजेडी, सगळ्यांच्या समोर गावात येता येईल असं वागा.

आणि संयोजकांना एक प्रस्ताव देतो. पुढच्या संमेलनात एक पूर्ण सत्र परीक्षा सोडून आलेल्या मुलामुलींसाठी ठेवावं. त्यांनी लिहिलेलं त्यांनीच वाचावं. सत्राला अध्यक्ष नको, उद्घाटक नको, वेळेची घंटाही नको. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च साहित्य महामंडळाकडे मागण्याऐवजी आपण लेखकांनी वर्गणी काढून करू. माझ्या वाट्याची रक्कम मी आज कार्यवाहांकडे दिली आहे.