सुरावट पूर्ण करणारी सिंड्रेला

(‘प्रतिभा, परंपरा आणि पालक’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



आरंभी एक कबुली देतो. पत्रकारितेत नवा होतो, तेव्हा एका नऊ वर्षांच्या बालगायकाची मी मुलाखत घेतली आणि ‘नवा बालगंधर्व’ असा मथळा देऊन मोकळा झालो. पंधरा-सोळा वर्षांनी तोच मुलगा मला एका बँकेच्या खिडकीपलीकडे भेटला. गाणे केव्हाच सुटले होते. स्वरात तक्रार नव्हती. तो एवढेच म्हणाला, “काका, तो मथळा छापून आला आणि मला चुकायची सोय उरली नाही.” ते वाक्य आजही माझा पाठलाग करते. आज ज्या तरुण संगीतरचनाकाराविषयी बोलणार आहे, तिची कथा मला त्या वाक्यामुळेच मोलाची वाटते.

आल्मा डॉइचर हे तिचे नाव. जन्म २००५ चा, इंग्लंडमधला. वडील गाय डॉइचर हे नामवंत भाषाशास्त्रज्ञ. दुसऱ्या वर्षी तिची बोटे पियानोवर फिरू लागली, तिसऱ्या वर्षी हाती व्हायोलिन आले. त्याच वयात रिशार्ड स्ट्राऊस यांची एक अंगाई ऐकून तिने आईवडिलांना विचारले, की संगीत इतके सुंदर कसे असू शकते? पुढची सारी वाटचाल म्हणजे या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. सातव्या वर्षी एक छोटा ऑपेरा, नवव्या वर्षी व्हायोलिन कॉन्चेर्तो आणि बाराव्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, पियानो कॉन्चेर्तो. कॉन्चेर्तो म्हणजे एक प्रमुख वाद्य आणि संपूर्ण वाद्यवृंद यांचा संवाद. शंभरेक पाने लिहून काढण्याचे हे काम एखाद्या प्रौढ रचनाकाराचाही कस पाहते.

मग हा निव्वळ चमत्कार आहे का? मला तसे वाटत नाही. या प्रतिभेमागे एक शिक्षणपद्धती आहे. अठराव्या शतकात इटलीतील नेपल्स शहरातल्या संगीतशाळा मुळात अनाथ मुलांची आश्रयस्थाने होत्या. तेथे ‘पार्तिमेंतो’ नावाची पद्धत रुजली. गुरूने खालच्या स्वरांची केवळ एक ओळ द्यायची आणि शिष्याने वाद्यावर बसून वरची सुरावट व स्वरसंगती तिथल्या तिथे उभी करायची. व्याकरण पाठ करण्याआधी भाषा बोलायला शिकवण्याचाच हा प्रकार! आल्माचे संगीतशिक्षण याच उपजत निर्मितीच्या पद्धतीने झाले. आपल्याकडे गुरू बंदिशीचे तोंड सांगतो आणि शिष्याने ती भरायची असते. स्वरसंगती आणि राग या दोन वेगळ्या वाटा आहेत हे मान्य करूनही, परंपरा ही कोंडणारी भिंत नसून उभे राहण्याची जमीन आहे, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच दिसते.

शालेय शिक्षण घरीच झाल्याने तिला खेळायला भरपूर वेळ मिळाला. हातात दोरी घेऊन अंगणात फिरताना तिला सुरावटी सुचत. मनातल्या मनात तिने एक काल्पनिक देश वसवला होता आणि त्या देशाचे संगीतकारही निर्माण केले होते. आजच्या पालकांनी ही दोरी विशेष ध्यानात ठेवावी.

तिची सर्वांत गाजलेली कृती म्हणजे ‘सिंड्रेला’ हा पूर्ण लांबीचा ऑपेरा. डिसेंबर २०१६ मध्ये तो व्हिएन्नात रंगमंचावर आला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. कथा परिचित आहे, परंतु दृष्टी तिची स्वतःची आहे. तिची सिंड्रेला स्वतः संगीत रचते आणि राजपुत्र कवी आहे. काचेच्या बुटाच्या मापावरून वधू शोधणे या मुलीला पटले नाही. तिचा राजपुत्र एक अर्धी राहिलेली सुरावट घेऊन फिरतो आणि जी ती पूर्ण करील, तीच खरी सिंड्रेला ठरते. या प्रयोगाला आश्रयदाते म्हणून लाभले झुबिन मेहता. १९३६ साली मुंबईत जन्मलेले आणि अठराव्या वर्षी शिक्षणासाठी व्हिएन्ना गाठणारे आपले झुबिन मेहता!

डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिच्या रचनांचा कार्यक्रम झाला. तेथे सादर झालेल्या एका वॉल्ट्झमध्ये रस्त्यावरचे भोंगे आणि गाड्यांची कर्कश वाहतूक हळूहळू डौलदार नृत्यलयीत विरघळते. शहराचा गोंगाट तिने नाकारला नाही, त्याला सुरात आणले.

टीकाही झाली, आणि ती दडवून ठेवणे योग्य नव्हे. हे संगीत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे वाटते, आजच्या जगाची कुरूपता त्यात उमटत नाही, असा आक्षेप आहे. तो अगदीच निराधार नाही. विसाव्या शतकातील युरोपीय रचनाकारांनी दोन महायुद्धांचे भग्नावशेष पाहून कर्णकटूपणा स्वीकारला होता. ती केवळ लहर नव्हती. आल्माचे म्हणणे असे, की जगात कुरूपता आहेच, तिच्यात आणखी भर कशाला? २०२३ साली मोझार्टच्या जन्मगावी, साल्झबुर्ग येथे, तिचा ‘सम्राटाचे नवे वॉल्ट्झ’ हा ऑपेरा झाला. अँडरसनच्या नागड्या राजाच्या गोष्टीचा आधार घेऊन तिने टीकाकारांना नाटकातूनच उत्तर दिले. निवाडा काळ करील.

मला मात्र तिचा याहून मोठा टप्पा वेगळाच वाटतो. जगभर टाळ्या मिळाल्यानंतर ही मुलगी व्हिएन्नाच्या संगीत विद्यापीठात योहानेस विल्डनर यांच्याकडे वाद्यवृंदाचे संचालन शिकू लागली. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे तिने स्वतःच्या ‘सिंड्रेला’चे संचालनही केले. बालचमत्कार म्हणून गाजल्यावर पुन्हा विद्यार्थी होणे सोपे नसते. आपल्याकडे कुमार गंधर्वांनी ते केले. थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवणारा तो मुलगा मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे शिकायला राहिला. पुढे क्षयाने आवाज थांबला, तेव्हा देवासच्या अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली आणि त्यांतून नवे राग उभे केले. अनुकरणापासून स्वत्वापर्यंतचा प्रवास असा होतो. त्याला वर्षे लागतात, मौन लागते आणि चुकायची मोकळीकही लागते.

आल्माने आता कुठे विशी ओलांडली आहे. तुला दुसरा मोझार्ट म्हणतात, असे कोणी सुचवले की, मला आल्माच व्हायचे आहे, असे ती लहानपणीच सांगत असे. हे उत्तर देण्याचे बळ तिला घरातून मिळाले असावे. माझ्या त्या बालगायकाला ते उत्तर कोणी शिकवले नाही, आणि मथळा देणारा मी तर नाहीच नाही.

आपल्या घरात, आपल्या शेजारी एखादे मूल गात असेल, तर त्याला दाद अवश्य द्या. पण उपमा देऊ नका. त्याची सुरावट अर्धी आहे. ती पूर्ण करायला त्याला अवकाश द्या. एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवतो.